दाराबाहेरचा बाप : बाळंतपणाच्या इतिहासात नवरा कुठे होता?

आपल्या या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, तह पाहिले, बेंगळूरच्या किल्ल्याच्या दगडी भिंती पाहिल्या. आजचा विषय घरातला आहे. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या जन्माशी जोडलेला आहे.

निमित्त सांगतो. माझा एक पुतण्या इथे व्हाइटफील्डला नोकरी करतो. सूनबाई बेळगावची. तिला आठवा महिना लागला तेव्हा एका रविवारी पुतण्या घरी आला, चहा घेतला आणि जरा बिचकतच म्हणाला, "काका, हॉस्पिटलवाले म्हणतात नवऱ्याला आत येता येईल. आजी फोनवर म्हणते, पुरुषाचं तिथे काय काम? तुम्ही इतिहास वाचता. सांगा ना, मी आत जाऊ की नको?"

मला एकदम २००४ साल आठवलं. इथल्याच एका नर्सिंग होमच्या वऱ्हांड्यात मी सात तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. हातात फाइल, खिशात पैसे. मधूनमधून दार उघडायचं, सिस्टर एक चिठ्ठी द्यायची आणि मी खाली औषधाच्या दुकानात पळायचो. आतून बायकोचा आवाज येत होता. एका क्षणी आवाज थांबला. तेव्हा काय झालं असेल या भीतीने माझ्या पायातलं बळ गेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. नंतर बायको एवढंच म्हणाली, "आत कुणीच ओळखीचं नव्हतं हो." ते वाक्य मला वीस वर्षं पुरलं आहे. म्हणून पुतण्याला लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही. म्हटलं, आधी बघू या, हा बाप दाराबाहेर कधी गेला आणि का गेला.

पोथ्यांमधला बाप

आपल्याकडे गर्भारपणाचे संस्कार सोळा संस्कारांत मोजले जातात. त्यातला एक म्हणजे सीमंतोन्नयन. सीमंत म्हणजे भांग. गृह्यसूत्रांत सांगितलं आहे की नवऱ्याने बायकोचे केस वर घेऊन भांग पाडायचा, त्यासाठी साळिंदराचा काटा वापरायचा, उंबराची फळं घ्यायची. आज आपण ज्याला डोहाळजेवण म्हणतो ते बायकांचं हौसेचं कार्य झालं आहे. पण इथे कर्नाटकात शेजारीण आमंत्रण द्यायला येते तेव्हा म्हणते, "आमच्याकडे सीमंत आहे." जुना शब्द कन्नडने जपून ठेवला. गंमत पाहा, मूळ विधीत मुख्य काम नवऱ्याचं होतं. बायकोचे केस स्वतःच्या हाताने विंचरणं ही तिला धीर देण्याचीच रीत होती.

बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटच्या भागात आणि पारस्कर गृह्यसूत्रात आणखी एक छोटा विधी येतो. कळा सुरू झालेल्या बायकोवर नवऱ्याने पाणी शिंपडायचं आणि मंत्र म्हणायचा. बाळ जन्मल्यावर जातकर्म. मनुस्मृती म्हणते, ते नाळ कापण्याच्या आधी करायचं. बापाने बाळाला सोनं लावून मध-तूप चाटवायचं. (आज हे करू नका. नवजात बाळाला मध धोक्याचा असतो आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नसतं.) पण इतिहास म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या. नाळ कापण्याच्या आधी विधी करायचा असेल तर बाप फार लांब असून चालणार नाही. निदान पोथीच्या कल्पनेत तो हाकेच्या अंतरावर होता.

आता चरकसंहिता पाहू. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं वर्णन आहे. जागा कशी असावी, कोणती लाकडं, कोणती भांडी, सगळं तपशीलवार. प्रसूतीच्या वेळी तिच्याभोवती कोण असावं? अनेक बाळंतपणं झालेल्या, प्रेमळ, दमल्याविना कष्ट करणाऱ्या, गोड बोलून धीर देणाऱ्या स्त्रिया. नवऱ्याचं नाव त्या यादीत नाही. ही यादी लक्षात ठेवा. दोन हजार वर्षांनी ती आपल्याला एका सरकारी पत्रात पुन्हा भेटणार आहे.

माहेर, सुईण आणि शेगडी

शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बेंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी कुटुंबं या भागात आहेत. पण नोकरी-चाकरी कुठेही असली तरी पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत मराठीतही होती आणि कन्नडमध्येही. आपण बाळंतपण म्हणतो, ते बाणंतन म्हणतात. आपलं माहेर, त्यांचं तवरुमने. आपली सुईण, त्यांची सूलगित्ती. शब्द थोडे बदलतात, खोली तीच. घरातली कोपऱ्यातली अंधारी खोली, बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दाराशी राख किंवा लोखंड, आणि आत फक्त बायका.

पुरुष बाहेर का? एक कारण सोयेर, म्हणजे विटाळाची कल्पना. दुसरं कारण लाज. पण तिसरंही एक कारण आहे आणि ते आपण विसरतो. सासुरवाशिणीला घरात कुठेही मोकळेपण नसायचं. बाळंतपणाची खोली ही तिची एकमेव अशी जागा होती जिथे ती ओरडू शकत होती, रडू शकत होती, नवऱ्याला चार शिव्याही देऊ शकत होती. तिथे आई होती, मावशी होती, सुईण होती. नवरा दुसऱ्या गावात असायचा. त्याला निरोप जायचा आणि तो बारशाला यायचा. त्या व्यवस्थेत नवरा नव्हता, पण बाई एकटीही नव्हती.

त्या खोलीतलं ज्ञान किती मोठं होतं याचं उदाहरण आपल्या शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातलं आहे. पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मा. शाळेत गेल्या नाहीत, पण साधारण सत्तर वर्षांत त्यांनी १५,००० च्या वर बाळंतपणं पैशाची अपेक्षा न ठेवता केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बेंगळुरूत त्यांचं निधन झालं. सूलगित्ती हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग झाला.

पण जुन्या खोलीचं गोडवं गाताना दुसरी बाजू झाकायची नाही. त्या खोलीत बाया मरत होत्या. रक्तस्राव, आडवं मूल, सूतिकाज्वर, बाळाला धनुर्वात. मरणाऱ्या बाईजवळ नवरा नसायचा आणि डॉक्टरही नसायचा.

आनंदीबाईंचं बाळ

या ठिकाणी आपल्याला आनंदीबाई जोशी भेटतात. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने कितीतरी मोठे. चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनाने घेतलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला जाहीर सभेत उभं राहून सांगितलं. मग अमेरिका, पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय, आणि ११ मार्च १८८६ ला पदवी. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. म्हणजे मघाशी आपण चरकाची जी खोली पाहिली, तीच त्यांनी फिलाडेल्फियात बसून अभ्यासली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या, तेव्हा बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

गोपाळरावांचं काय? बायकोला शिकवण्यासाठी या माणसाने समाजाशी भांडण घेतलं, बदल्या मागितल्या, निंदा सोसली. आणि हाच माणूस अभ्यासासाठी तिला मारत होता, हे आनंदीबाईंच्या पत्रांतूनच कळतं. बायकोला आधार देणं आणि बायकोला आपल्या मनासारखं चालवणं यांत फरक आहे. गोपाळरावांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. आज लेबर रूममध्ये "अगं, असं नाही, तसं श्वास घे" म्हणून बायकोला झापणारा नवरा पाहिला की मला गोपाळराव आठवतात. हेतू चांगला, पण ताबा सोडवत नाही.

रुग्णालय आलं, आणि बायकाही बाहेर गेल्या

१८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. इथे बेंगळुरूत १९३५ मध्ये वाणी विलास रुग्णालय उभं राहिलं, म्हैसूरच्या राजमातेच्या नावाने. आजही शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या गरीब बायका बाळंतपणाला तिथे येतात.

बापाच्या जबाबदारीशी जोडलेली आणखी एक गोष्ट याच काळातली आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. त्यांनी नसबंदी स्वतःची करून घेतली, बायकोवर ढकललं नाही. आणि १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रं सुरू करण्याचा निर्णय घेतला. जगात सरकारने असं पाऊल उचलल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. मूल कधी व्हावं याचा विचार करणं हाही बापपणाचाच भाग आहे. ती सुरुवात मुंबईत एका माणसाने केली आणि बेंगळुरू-म्हैसूरमध्ये एका सरकारने.

रुग्णालयांनी जीव वाचवले, यात शंका नाही. देशात १९९२-९३ मध्ये सुमारे २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के झालं, कर्नाटकात ९७ आणि महाराष्ट्रात ९४.७. दर लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. महाराष्ट्रात ३३, कर्नाटकात ६९. एकेका आकड्यामागे एकेक घर आहे.

पण या बदलात एक गोष्ट घडली. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जुन्या खोलीत पुरुष बाहेर होते, बायका आत होत्या. दवाखान्यात पुरुष बाहेर राहिलेच, त्यांच्या जोडीला आई, सासू, मावशी याही बाहेर गेल्या. मोठी खोली, ओळीने खाटा, मधे पडदा असला तर असला. बाई पहिल्यांदाच एकटी झाली. माझी बायको जे म्हणाली ते हेच होतं, "आत कुणीच ओळखीचं नव्हतं." नवरा हजारो वर्षं बाहेर आहे हे खरं, पण बाई एकटी पडली त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

तिकडे काय झालं

हे फक्त आपल्याकडे घडलं नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८४० मध्ये पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा प्रिन्स अल्बर्ट तिच्याजवळ होता. बाळंतपण घरात, म्हणजे राजवाड्यात होतं. १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात तिने क्लोरोफॉर्म घेतलं आणि प्रसूतीच्या वेदना कमी करण्याला प्रतिष्ठा मिळाली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत बाळंतपणं झपाट्याने दवाखान्यात गेली. औषधांनी बाईला गुंगीत ठेवायचं आणि नवऱ्याला 'वेटिंग रूम'मध्ये. तिथे सिगारेटी ओढत येरझारा घालणारा बाप हा सिनेमातला विनोद झाला. शिकागोच्या एका रुग्णालयात अशा बापांसाठी वह्या ठेवल्या होत्या. त्यांत त्यांनी लिहून ठेवलेली भीती आणि असहायता इतिहासकारांनी नंतर वाचली. विनोद वरवरचा होता.

बदल कसा आला? ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये पुस्तक लिहून मांडलं की भीतीमुळे शरीर ताठरतं आणि ताठरल्यामुळे वेदना वाढतात. फ्रेंच डॉक्टर फर्नांद लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत संघात गेले, तिथली श्वासाची आणि मन तयार करण्याची पद्धत पाहून आले आणि पॅरिसमध्ये ती वापरू लागले. तिथे बायकोशेजारी नवऱ्यालाही जागा मिळाली. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ मध्ये नवऱ्याने बायकोला प्रसूतीत साथ कशी द्यावी यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात एका नवऱ्याने स्वतःला साखळीने बायकोशी बांधून घेतलं, म्हणजे कुणी बाहेर काढू नये. दारं एकेक करून उघडली ती डॉक्टरांच्या मर्जीने कमी आणि जोडप्यांच्या हट्टाने जास्त.

मग शास्त्राने साक्ष दिली. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. तिने फक्त हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली. सोबत मिळालेल्या बायांची प्रसूती लवकर झाली, अडचणी कमी आल्या. पुढे १७ देशांतल्या २६ प्रयोगांचा, १५,००० हून अधिक बायांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला. अखंड सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, सिझेरियन कमी होतं, कळांचा काळ थोडा आखडतो, आणि बाईच्या मनात त्या दिवसाची कटू आठवण राहण्याची शक्यता कमी होते. कारण समजायला अवघड नाही. घाबरलेल्या शरीरात ॲड्रिनलिन वाढतं आणि कळा पुढे नेणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या वाटेत येतं. धीर मिळाला की वाट मोकळी होते. चरकाने 'धीर देणाऱ्या बायका' लिहिलं ते अनुभवाने लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या प्रयोगांतली सोबत बहुतेक ठिकाणी नवऱ्याची नव्हती, बायकांची होती. फ्रेंच डॉक्टर मिशेल ओदाँ यांच्यासारखे काही जण तर म्हणतात की घाबरलेला नवरा आत असला तर बाईचीच काळजी वाढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत नेमका शब्द आहे, 'तिच्या पसंतीची' सोबत. नवराच असावा असं नाही, आईच असावी असंही नाही. तिला जे माणूस हवं ते.

आपल्याकडचा कागद आणि आपल्याकडची रजा

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सूचना काढली की सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी एक सोबती असू द्या. ती सोबती कशी असावी? स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री. आली ना चरकाची यादी परत? पुढे लिहिलं आहे की जिथे खासगीपणा सांभाळण्याची व्यवस्था आहे तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येईल. अडचण नियमाची कमी आहे, भिंतीची जास्त आहे. एका खोलीत चार बायका असतील तर एकीचा नवरा बाकी तिघींसाठी परका पुरुष असतो. म्हणून सरकारी लेबर रूममध्ये पडदे आणि वेगळे कक्ष मागणं हे बापांच्या हक्काचंही मागणं आहे आणि बायकांच्या मानाचंही.

दुसरा प्रश्न वेळेचा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात मातृत्व लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं. आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला आणि २०१७ मध्ये पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. मातृत्व लाभ कायद्यात बापाच्या रजेची तरतूद नव्हती. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, असंघटित कामगारांनाही रजा मिळावी म्हणून. ते मंजूर झालं नाही. बेंगळुरूतल्या काही मोठ्या कंपन्या स्वतःहून आठवडे देतात, पण त्याच कंपनीच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर राहावं लागतं. आपल्यातल्या ज्यांना रजा मिळते त्यांनी ती लाजेखातर न घेणं, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

मग करायचं काय?

इतिहास सांगून झाला. आता पुतण्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं म्हणजे तिला विचारा. मला नाही, आजीला नाही. आत कोण हवं हे तिने ठरवायचं, आणि ऐन वेळी तिचं मन बदललं तर तेही मान्य करायचं.

दुसरं, तयारी आधी करा. तपासणीला जोडीने जा आणि डॉक्टरांचं बोलणं स्वतः ऐका. दवाखाना किती जणांना आत सोडतो, कधी सोडतो, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. रक्तगट, फाइल, विम्याचे कागद, पैसे एका पिशवीत. बेंगळुरूच्या वाहतुकीत आठ किलोमीटरला तास लागू शकतो, तेव्हा रस्ता आणि पर्यायी रस्ता ठरवून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, अंगावर सूज, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

तिसरं, आत गेलात तर तिथे तुम्ही साहेब नाही, सोबती आहात. दोन कळांमधलं अंतर घड्याळात बघा. पाण्याचा घोट द्या, डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला चालायला, कूस बदलायला आधार द्या. कंबर दाबून हवी का विचारा. नको म्हणाली तर हात काढून घ्या. फोन बंद ठेवा. गावाकडच्या अकरा नातेवाइकांना ताजी खबर देण्याचं काम बाहेरच्या माणसाला सोपवा. ती चिडेल, ओरडेल, ते मनाला लावून घेऊ नका. काही निर्णय घ्यायचा असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, काय करताय, का करताय, आणि उत्तर तिच्यापर्यंत पोहोचवा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर खाली बसा. त्यात कमीपणा काही नाही.

चौथं, आणि हे सगळ्यात मोठं, बाळंतपण बाळ आल्यावर संपत नाही. माहेरच्या खोलीत चाळीस दिवस जे काम चार बायका करत होत्या, ते इथल्या टू बीएचकेमध्ये कोण करणार? दुपटी, रात्रीचं जागरण, तिचं जेवण, पाहुण्यांना वेळेवर दारातून निरोप देणं, ही तुमची कामं. अळिवाचा लाडू आईने पाठवला तर छानच, पण गरम वरणभात तुम्हालाही येतोच. तिला खूप रक्त जात असेल किंवा ताप आला तर लगेच दवाखाना. आणि तिच्या मनाकडे लक्ष ठेवा. दोन आठवडे उलटले तरी ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, झोप लागत नसेल, तर ती नाटकं नाहीत, आजार आहे, आणि तो बरा होतो. आपल्या बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक देशभर चालतो.

पुतण्याने त्याच रात्री सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला आई हवी." त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "काका, मी सगळं वाचलं, शिकलो, आणि तिला मी नकोच." मी म्हटलं, "अरे, तिने तुला नाही म्हटलेलं नाही, आईला हो म्हटलं आहे. तू वऱ्हांड्यातच बस. पण माझ्यासारखा बसू नकोस."

तो तसा बसला नाही. सगळे कागद तयार होते, रक्ताची सोय केलेली होती, आत निरोप जात होते, बाहेर येत होते. पहिलटकरीण, वेळ लागला. नऊ तासांनी बेळगावच्या मावशी, म्हणजे त्याच्या सासूबाई, गुडघे धरत बाहेर आल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही जावा आत. माझे पाय काही उभं राहू देईनात. तीच म्हणतेय, त्यांना पाठव."

तो आत गेला. शेवटचा दीड तास तो तिच्या उशाशी होता. मी नंतर विचारलं, "काय केलंस रे?" तो म्हणाला, "काही नाही काका. तिने हात धरला होता, तो सोडवून घेतला नाही." मुलगा झाला आहे. बारसं पुढच्या रविवारी आहे. या वेळी बाप बारशाला पाहुणा म्हणून येणार नाही.

तुमच्या घरातल्या बाळंतपणाच्या आठवणी, विशेषतः आजोबा-वडिलांच्या, कुणीतरी विचारून लिहून ठेवा. इतिहासात या बाजूच्या नोंदी फार थोड्या आहेत. पुढच्या भागात भेटू.